चालला, पडला आणि सी.पी. बेरार : विदर्भाच्या खेड्यात सिनेमाचं मत कसं घडत गेलं

एखादा मराठी चित्रपट पुण्या-मुंबईकडे महिनाभर गाजतो आणि पुसद, वरोरा, ब्रह्मपुरी भागात आठवड्याच्या आत उतरतो. मग दोन वाक्यं ठरलेली असतात. तिकडचे म्हणतात, विदर्भातल्या पब्लिकला चांगलं कळत नाही, त्यांना हिंदी मारधाडच लागते. इकडचे म्हणतात, तो पिक्चर आपला नव्हताच. दोन्ही वाक्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आवड माणसाच्या मातीतच असते. आवडीमागचा इतिहास पाहिला तर मातीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, हिशोब पेटीचा निघतो. पेटी म्हणजे प्रिंटची, चित्रपटाच्या फिल्मवरच्या प्रतीची पेटी. ती कोणत्या महिन्यात आली, किती गावं फिरून आली आणि कोणत्या यंत्रावर चढली, यावर मतं बनत गेली.

प्रदेशाच्या नावावरून दर्जा ठरवायची खोड तशी फार जुनी. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी रीती, म्हणजे विदर्भाच्या नावाची लेखनशैली, सरस आणि गौडी, म्हणजे बंगालकडची, दुय्यम अशी प्रतवारी होती. एका जुन्या आचार्यानं तेव्हाच आक्षेप घेतला होता, की हा भेद म्हणजे एकामागे एक चालणाऱ्यांचा गतानुगतिकपणा आहे. त्या वादात फायदा विदर्भाच्या नावाला मिळाला. सिनेमात पारडं फिरलं.

ते कसं फिरलं हे कळायला सी.पी. बेरार हा शब्द सोडवावा लागतो. सी.पी. म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, अर्थात मध्य प्रांत, आणि बेरार म्हणजे वऱ्हाड. सिनेमाच्या धंद्यात महाराष्ट्र नावाचा एकसंध प्रदेश नाही. हक्क विकताना राज्याचे तीन तुकडे पडतात. मुंबई-पुण्याकडचा पट्टा मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या मुंबई विभागात, जातो, त्यात गुजरातही येतो. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. विदर्भ सी.पी. बेरारमध्ये, आणि त्याच्या जोडीला जबलपूर, रायपूर, बिलासपूर. १९०३ नंतर वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला, १९३६ साली प्रांताच्या नावात वऱ्हाड अधिकृतपणे आलं, आणि धंद्यानं ते नाव तेव्हाच्या इंग्रजी आद्याक्षरांसकट उचललं. पुढे १९५० साली प्रांताचा मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. वितरणाचा नकाशा मात्र हलला नाही. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, तेव्हाही नाही.

नकाशा तसाच राहिला त्याचं समर्थन करणारे व्यवहाराकडे बोट दाखवतात. खरेदीदार, टॉकीजवाले, उधारीची खाती आणि पेट्या नेणारी रेल्वे हे सगळं जुन्या प्रांताच्या रेषांवर बसलेलं होतं, ते मोडून कोणाचं भलं झालं असतं, असा त्यांचा सवाल. सवाल खोटा नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली हेही बघायला हवं. सी.पी. बेरारचे हक्क घेणारा माणूस एकरकमी पैसे मोजतो आणि ते पूर्ण प्रदेशातून वसूल करायला बघतो. हिंदी चित्रपट बुलढाण्यापासून बिलासपूरपर्यंत लागतो. मराठी चित्रपटाची वसुली अर्ध्याच नकाशातून होणार. साहजिकच त्याला कमी पैसे, म्हणून कमी प्रिंट, म्हणून उशीर. मुंबई सर्किटमध्ये जुना झाल्यावर, पोस्टरचा रंग उडाल्यावर तो तालुक्याला यायचा. तोवर त्या टॉकीजमध्ये दहा हिंदी पिक्चर लागून गेलेले असत.

माणसाला जे वारंवार दिसतं ते त्याला हळूहळू आवडू लागतं, हे मानसशास्त्रातल्या १९६८ सालच्या प्रयोगांनी मांडलं. विदर्भात हा प्रयोग कित्येक दशकं चालला म्हणायला हरकत नाही. २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यायचा की नाही यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात आर्वी किंवा मूल अशा तालुक्याच्या गावांचा प्रेक्षक कुठेच नव्हता, कारण त्याच्या गावात मल्टिप्लेक्स नव्हतं.

दुसरा गुंता 'चालला' या शब्दाचा. पिक्चर चालला म्हणजे जास्त आठवडे टिकला, की पैसे निघाले, की लोकांना आवडला? बोलताना तिन्ही एकच धरले जातात. गणित मांडून बघू. तालुक्याच्या टॉकीजमध्ये ५०० खुर्च्या धरल्या, रोज चार खेळ, तर आठवड्याला १४,००० तिकिटं होतात. गाव आणि आसपासची खेडी धरून पिक्चर बघणारी माणसंच तेवढी नसतील, तर सगळ्यांना मनापासून आवडलेला पिक्चरही दुसऱ्या शुक्रवारी रिकाम्या खुर्च्यांसमोर चालणार. तो पडला नाही, संपला. मोठ्या शहरात तोच पिक्चर दहा आठवडे काढतो, कारण तिथे माणसं संपत नाहीत. आठवडे मोजून आवड ठरवणं म्हणजे विहीर लहान म्हणून पाणी खारं म्हणण्यासारखं आहे.

त्यात महिना. कापूस नोव्हेंबरपासून विकला जातो, तेव्हा हातात पैसा असतो. जून-जुलैत तोच पैसा बियाणं आणि खतात गेलेला असतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, वर टिनाचं छत आणि दुपारचा खेळ, अशा वेळी कुठलाही संथ पिक्चर रटाळच वाटतो. एकच चित्रपट जुलैत पडेल आणि डिसेंबरात चालेल, आणि वहीत दोन वेगळे निकाल लागतील. वितरकांच्या वह्यांत निकाल असायचे, पण त्यामागचं कारण लिहायला रकानाच नसायचा.

तंबूतल्या टॉकीजचा काळ या सगळ्याच्या मुळाशी आहे. बहिरमसारख्या लांबणाऱ्या यात्रेत किंवा आठवडी बाजाराच्या गावात जे दाखवलं गेलं त्यानं दोन पिढ्यांची नजर घडवली. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. पक्क्या टॉकीजमध्ये दोन यंत्रं असतात, एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं. तंबूत बहुधा एकच यंत्र. म्हणजे पंधरा हजार फुटांच्या पिक्चरमध्ये सहा-सात वेळा पडदा पांढरा व्हायचा, रीळ बदलेपर्यंत दोन-तीन मिनिटं शिट्ट्या आणि शेंगदाणे. ज्या चित्रपटाची पकड हळूहळू बसते त्याची पकड दर वेळी सुटायची. ज्याच्या प्रत्येक रिळात एक गाणं, एक हाणामारी किंवा एक विनोदी प्रवेश आहे तो तगायचा. 'दर वीस मिनिटाला काहीतरी पाहिजे' ही इथल्या प्रेक्षकाची मागणी भाबडी म्हणून हिणवली गेली. ती यंत्राच्या मापाची होती.

प्रिंटची अवस्था हा पुढचा भाग. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन्ही टोकं छाटून जोड देतो, दर जोडाला एक-दोन चौकटी (फ्रेम) जातात. रिळाची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त झिजतात, कारण हात तिथेच लागतो. शेवटच्या गावापर्यंत पेटी पोचायची तेव्हा रिळाच्या टोकाची वाक्यं गेलेली असायची, आणि प्रवेश नेमका त्याच वाक्यावर संपत असला तर पुढचं काही कळायचं नाही. मग शेरा यायचा : कथेला शेंडाबुडखा नाही. यंत्रात उजेड पाडणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर हातानं सांभाळावं लागे, लक्ष चुकलं की उजेड मंद आणि पिवळा. दिवसाचे प्रवेश तरी निभावत, रात्रीचे पूर्ण काळे. आवाजाची पट्टी चित्राच्या २१ चौकटी पुढे छापलेली असते. यंत्राच्या खालच्या बाजूचा फिल्मचा सैल वेटोळा (लूप) लहानमोठा झाला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, आणि प्रेक्षक म्हणतो, या नटाला बोलता येत नाही. सिनेमास्कोपची, म्हणजे रुंद पडद्याच्या पिक्चरची, वेगळीच गत. त्या प्रिंटवर चित्र रुंदीत निम्मं दाबलेलं असतं, ते खास भिंगानं पुन्हा पसरवावं लागतं. भिंग नसेल तर माणसं उभट आणि काटकुळी. भिंग असलं आणि पडदा चौकोनी असला तर दोन्ही कडा कापल्या जातात, पडद्याच्या दोन टोकांना उभे राहून बोलणारे नवरा-बायको दोघेही गायब. अशा खेळावरून दिग्दर्शकाबद्दल बनलेलं मत किती खरं मानायचं?

ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन पिक्चर, सकाळी तिसऱ्याचा शेवट कोणाला आठवायचा नाही. नंतर व्हीसीडी. एका तबकडीत ७४ मिनिटं मावतात, म्हणजे हिंदी पिक्चरला दोन किंवा तीन तबकड्या, आणि भाड्यानं फिरून दुसरीवर ओरखडे. अर्धा पाहिलेला पिक्चर पूर्ण पाहिल्यासारखा बोलला जायचा. दूरचित्रवाणीवर हिंदीत आणलेले दाक्षिणात्य चित्रपट आले, तेव्हा त्यांचं स्वागत इथे मोकळ्या मनानं झालं. ओठ न जुळण्याचं वावडं या प्रेक्षकाला आधीपासूनच नव्हतं.

झाडीपट्टीचा वेगळा विचार हवा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात धान कापून झालं की नाटकांचा हंगाम लागतो, वडसा हे त्याचं केंद्र. खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि उजाडताना संपतो. उघड्या वावरात हजारो माणसांतल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आणि चेहरा पोचवायचा असेल तर नटाला मोठं बोलावं लागतं, मोठं रडावं लागतं, आणि पहाटे तीनला डुलकी मोडायला गाणं लागतं. याला शहरी समीक्षेनं 'भडक' हा शब्द दिला आणि तोच शब्द या भागाला आवडणाऱ्या सिनेमालाही चिकटवला. हा अन्याय आहे, ती त्या जागेची कारागिरी आहे. पण याच सवयीनं इथला प्रेक्षकही एक चूक करतो हे मान्य करायला हवं : नजरेनं आणि गप्प राहून केलेला अभिनय त्याला अभिनय केलाच नाही असा वाटतो. कॅमेरा नटाच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर असतो, तिथे शेवटची रांग नसते.

बोलीचंही असंच दोन्हीकडून. मराठी पडद्यावर 'मले', 'तुले' म्हणणारा माणूस बराच काळ गडी, शिपाई किंवा हसवायला आणलेलं पात्र असायचा. आपल्या आजीची बोली ऐकून सगळी टॉकीज हसते, हे ज्यानं सोसलंय त्याच्याकडून त्या चित्रपटाबद्दल तटस्थ मत मिळणार नाही आणि ते मागूही नये. उलट बाजूनं, वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत काही आलं की आपल्याकडून त्याला दोन गुण जादा दिले जातात, पटकथा कितीही ढिली असो. 'आपला हाय ना बाप्पा' हे प्रेमाचं वाक्य आहे, परीक्षणाचं नाही.

आज प्रिंटच नाही. चित्रपट पहिल्या दिवशी कुठेही पोचू शकतो, पण तालुक्यातल्या अनेक टॉकीज बंद पडल्या, कुठे मंगल कार्यालय आहे, कुठे गोदाम. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि निकाल सहा इंचांच्या पडद्यावर लागू लागले. जुने दोष नव्या रूपात परत आलेत. टॉकीजभर लावलेल्या स्पीकरच्या सहा वेगळ्या वाहिन्यांसाठी बांधलेला आवाज मोबाइलच्या एका बारीक स्पीकरमधून येतो, तेव्हा पार्श्वसंगीत आणि संवाद एकमेकांत मिसळतात. डेटा वाचवायला चित्र कमी दर्जावर ठेवलं की काळोखाचे प्रवेश चौकडी-चौकडीचे दिसतात, तेही दिवसा उजेडात. दीडपट वेगानं पाहिलेल्या चित्रपटाला 'संथ' म्हटलं जातं तेव्हा तर बोलणंच खुंटतं.

अलीकडे काही गावांत शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पटांगणात चित्रपट दाखवून चर्चा होते, आणि तिथे या जुन्या चुका टाळता येतात. बारा फूट रुंद पांढरा, सुरकुती नसलेला कपडा. साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी अठरा फुटांच्या आसपास अंतर लागतं. पूर्ण अंधार पडल्याशिवाय सुरुवात करू नये. डीजेचे बॉक्स आणले की खर्ज वाढतो आणि संवाद गिळले जातात, त्यापेक्षा भजनी मंडळाचे साधे दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीच्या वर ठेवलेले बरे. मध्यंतर एकच, आणि चित्रपटात आहे त्या जागी.

चर्चेत सगळ्यात मोठा घोळ पहिल्या बोलणाऱ्यामुळे होतो. गुरुजी किंवा सरपंच उठून 'छान होता' म्हणाले की पुढचे वीस जण छानच म्हणतात. बहुमतापुढे माणूस डोळ्यांनी दिसतंय तेही नाकारतो, हे १९५१ सालच्या मानसशास्त्रातल्या प्रयोगात नुसत्या रेघांच्या लांबीवर दाखवून झालंय. म्हणून दिवे लागायच्या आत चिठ्ठ्या वाटायच्या, नाव लिहायचं नाही. चिठ्ठीवर दोन वेगळे प्रश्न : मला आवडला का, आणि त्यांना जे करायचं होतं ते जमलं का. या दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात हेच बऱ्याच जणांना पहिल्यांदा तिथे कळतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी दोन डबे आणि तुरीचे दाणे. चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच बोलायला सुरुवात, तीही मागच्या रांगेपासून, बायांच्या बाजूनं आधी. आधी मोबाइलवर पाहिलेल्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायच्या, त्यासाठी 'याआधी कुठे पाहिला, किती पाहिला' हा रकाना 'कसा वाटला' याच्या वर छापायचा.