स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल : ओढकामातील तापमान

मागे ट्रॉली, टँकर किंवा दुसरी गाडी जोडून चालताना स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल किती तापणे साहजिक आहे, त्याची मर्यादा इथे दिली आहे. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून गिअरला देणारा भाग) असलेल्या गाडीत रिकाम्या रस्त्यावर हे तेल साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसवर राहते. जड ओढीत ते 95 ते 110 अंशांपर्यंत चढले तरी काळजीचे कारण नसते. 120 अंशांच्या वर काटा टिकून राहिला, तर ओढ कमी करावी किंवा थांबावे. 130 अंशांपुढे तेल विघटू लागते आणि व्हॉल्व्हांवर लाखेसारखा थर धरतो. 150 अंशांच्या आसपास रबरी सील कडक होतात, क्लच प्लेटांचे अस्तर जळते.

ही उष्णता दातांच्या घर्षणातून फारशी येत नाही; ती मुख्यतः कन्व्हर्टरमधून येते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तिथे फक्त तेलाचा प्रवाह असतो. इंजिनाकडचे पाते तेल फेकते, गिअरकडचे पाते त्या धक्क्याने फिरते, आणि दोघांच्या फेऱ्यांतला फरक तेलात उष्णता होऊन उतरतो. इंजिन 100 किलोवॉट देत असेल आणि कन्व्हर्टरची कार्यक्षमता 85 टक्के असेल, तर 15 किलोवॉट नुसते तेल तापवण्यात जातात. म्हणजे घरातले सात-आठ गिझर एकदम चालू. वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच बसतो, दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि तापणे जवळजवळ थांबते. म्हणून सपाट हमरस्त्यावर ताशी 70 च्या वेगाने केलेली ओढ तेलाला सोपी जाते आणि चढावर रांगेत अडकून ताशी 15 ने केलेली ओढ महागात पडते. तेव्हा लॉक-अप सुटलेला असतो आणि तेल थंड करणाऱ्या कूलरला वाराही मिळत नाही.

मराठवाड्यात या दोन्ही अडचणींत उन्हाळ्याची भर पडते. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, बीड या भागांत दुपारी 42 अंश ही नवलाई नसते आणि काळ्या डांबरालगतची हवा त्याहून तापलेली असते. कूलर तेलाची उष्णता हवेला देतो. बाकी सारे तेच असेल, तर हवा जितकी जास्त तापलेली तितकेच तेलही ढोबळमानाने वर राहते. डिसेंबरच्या पहाटे 15 अंशांत 95 दाखवणारी गाडी तीच ट्रॉली घेऊन मेच्या दुपारी 120 च्या पुढे जाऊ शकते. मांजरसुंबा घाटासारखा बालाघाटाचा चढ त्यात भर घालतो. उसाच्या हंगामाचा बराचसा भाग थंडीत येतो, हे एका अर्थी बरेच आहे; पाण्याच्या टँकरांना मात्र ही सवलत नाही.

अर्थात इथली खरी ओढ हाताने गिअर टाकण्याच्या ट्रॅक्टरवर चालते. डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला कन्व्हर्टर नसतो. त्याच्या चेंबरमधले तेल बहुधा गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना सामाईक असते, आणि वरचे आकडे त्याला लागू होत नाहीत. कन्व्हर्टर गावोगाव पोचला तो बॅकहो लोडरमधून, ज्याला सगळेच जेसीबी म्हणतात. शेततळ्याच्या कामात बकेट मातीत रुतवून चाके जागीच थोपली, की इंजिनाची सगळी शक्ती तेलात उतरते. एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या) मोटारी स्वयंचलित म्हणून विकल्या जात असल्या तरी आतून साध्या गिअरच्याच असतात. त्यांच्यात तेलाआधी क्लच तापतो.

तापमान कुठे मोजले, हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी आहे; सुरुवातीचे आकडे चेंबरमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी साठलेल्या तेलाचे आहेत. कन्व्हर्टरमधून नुकतेच बाहेर पडलेले तेल चेंबरमधल्या तेलापेक्षा चढावर 20-30 अंशांनी, कधी त्याहूनही जास्त गरम असते. बहुतेक मोटारींत काटा नसतोच. गाडीतला बिघाड तपासण्यासाठी असलेल्या सॉकेटला स्कॅनर लावून आकडा वाचावा लागतो. धोक्याचा दिवा लागेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे.

80 अंशांच्या वर दर 10-11 अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक जुना ठोकताळा गॅरेजांत ऐकू येतो. तो जुन्या खनिज तेलांचा आहे. आजची कृत्रिम तेले जास्त ताप सोसतात, आणि अनेक नव्या गिअरबॉक्सांत तर घर्षण कमी व्हावे म्हणून थर्मोस्टॅट तेल मुद्दाम 90 च्या आसपास ठेवतो. दिशा खरी, हिशेब शब्दशः घेऊ नये.

उपाय साधे आहेत. चढाला गिअर आधीच उतरवून घ्यावा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या वाढतात आणि कन्व्हर्टर कमी घसरतो. टो मोड (ओढकामासाठी गिअर बदलण्याची वेगळी पद्धत) असल्यास तो लावावा. नेहमीच ओढ असेल, तर रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर बसवणे हा सर्वांत खात्रीचा खर्च. काटा चढलाच, तर सावलीत थांबून, गाडी न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक लावून आणि चाकांना दगड देऊन इंजिन चालू ठेवावे. इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि गरम तेल आहे तिथेच पडून राहते. ओढकाम करणाऱ्या गाडीचे तेल कंपनीच्या ‘कठीण वापर’ या वेळापत्रकाप्रमाणे बदलतात. नवे तेल बहुधा तांबडे असते. ते तपकिरी पडून जळका वास येऊ लागला, तर अस्तर जळू लागल्याची शंका घ्यावी.