लाकडी लूरच्या पोटातले शिसे

चोणक हा मोठा शिकारी मासा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, टपून बसतो आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर येणारे शेवटे मासे, कोळंबी गट्ट करतो. त्याच्यासाठी घरी लाकडी लूर, म्हणजे माशाच्या आकाराचे नकली आमिष, करताना बहुतेकांचा सगळा जीव रंगात आणि खवल्यांत अडकतो. पण ओढल्यावर लूर डुलतो की नाही, दोर सैल सोडल्यावर सावकाश वर येतो की नाही, हे आतल्या वजनावर ठरते. त्यामुळे लाकडाला हात घालण्याआधी हिशेब करावा.

लांबी ११ सेंमी, उंची २.४ आणि जाडी १.८ सेंमी असा ठोकळा घेतला, तर माशाचा आकार दिल्यावर सुमारे २८ घनसेंमी लाकूड उरते. समुद्राच्या एक घनसेंमी पाण्याचे वजन १.०२५ ग्रॅम, म्हणजे पाणी या लूरला सुमारे २८.७ ग्रॅम उचलून धरते. तार, दोन तिहेरी गळ, कड्या, पुढची जीभ (तोंडाशी बसवायची चपटी पट्टी), रंग आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) यांचे मिळून ११ ते १२ ग्रॅम होतात. आता लाकूड. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला जाणारा पांगारा चांगला वाळला की घनसेंमीला ०.३ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे ८.४ ग्रॅम. शिल्लक उरतात जवळपास ९ ग्रॅम. त्यांतले ६ ग्रॅम शिसे पोटात घालता येते आणि बाकीच्या जोरावर लूर तरंगतो. शिवण जड, तिथे शिसे २-३ ग्रॅमवर येते. सागवानाचे नुसते लाकूडच १८ ग्रॅम होते, शिशाला जागाच उरत नाही. सागवान टिकाऊ खरे, पण या कामाला पांगाराच घ्यावा.

शिसे हवेच कशाला, असे वाटेल. लूरचा गुरुत्वमध्य त्याच्या उत्प्लावक बलाच्या (पाण्याच्या उचलीच्या) केंद्राखाली असला, तरच तो कलंडल्यावर पुन्हा सरळ होतो. आणि हे सरळ होणे म्हणजेच निम्मे डुलणे. जिभेवर आपटलेले पाणी तिच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडत निघते; भोवरा सुटला की त्या बाजूचा दाब घटतो आणि डोके तिकडे खेचले जाते. तळातले शिसे त्याला परत आणते, तोवर दुसऱ्या कडेचा भोवरा सुटतो. शिसे कमी पडले तर लूर आडवा पडून गिरक्या घेतो, फार झाले तर मेल्यासारखा सरळ येतो.

जिभेची खाच ठोकळा चौकोनी असतानाच कापावी. गोलाई दिल्यावर ती काटकोनात येणे कठीण. २ मिमी जाडीचे पॉलिकार्बोनेट (कडक पारदर्शक प्लॅस्टिक) जिभेला पुरते. जीभ शरीराच्या रेषेत जितकी आडवी, तितका लूर खोल जातो. उभी केली की वरच्या थरात राहून जोराने डुलतो. मानशीजवळच्या उथळ पाण्याला शरीराच्या रेषेशी ५०-६० अंश ठीक.

पांगारा मऊ असल्याने त्यात स्क्रूची कडी धरत नाही, मोठा चोणक ती लाकडासकट उपटतो. म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत सलग तार हवी: ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील, १.२ मिमी. पोटाच्या मध्यरेषेवर करवतीने मधल्या उंचीच्या किंचित वरपर्यंत खाच पाडायची, नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी वेटोळी ठेवून वाकवलेली तार आत बसवायची. खाच इतक्यात बुजवू नये. आधी कानस आणि पॉलिश पेपर मारून पातळ इपॉक्सीचा एक हात द्यावा, जीभ आणि गळ तात्पुरते लावावेत, शिसे पोटाला बाहेरून चिकटपट्टीने बांधावे आणि बादलीत सोडून पाहावे. शिशाचे तुकडे मागेपुढे सरकवत पाठ पाण्याला जवळजवळ समांतर आली की तिथेच खूण करून ७ मिमीची भोके पाडावीत, त्यांत शिसे बसवावे आणि मग खाच बुजवावी. गळासोबत विकत मिळणारे शिसे कापून वापरावे. घरात, त्यातही स्वयंपाकाच्या भांड्यात, ते कधीही वितळवू नये. हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

बादलीतले पाणी कुठले, हाही मुद्दा आहे. १० लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ घातले की समुद्राच्या जवळ जाते. मे महिन्यात गोव्याच्या मांडवी-जुवारी नद्यांत खारे पाणी आत दूरवर शिरते, पावसाळ्यात वरचा थर गोडा होतो. आपल्या लूरची त्यात ०.७ ग्रॅम उचल कमी होते. खाऱ्या पाण्यात जेमतेम अर्ध्या ग्रॅमच्या जोरावर तरंगणारा लूर जुलैत बुडतो, म्हणून अडीच-तीन ग्रॅम उचल शिल्लक ठेवावी.

पाणी लाकडात शिरते ते मुख्यतः नाकाच्या आणि शेपटीच्या टोकांतून, कारण लाकडातल्या नलिका तिथे उघड्या पडतात. मग लाकूड आडवे फुगते, लांबीत जवळपास नाहीच, आणि वरचे कवच तडकते. या टोकांना आणि तारेच्या भोकांना इपॉक्सीचे दोन हात जास्त द्यावेत. शेवटचा थर ओघळू नये म्हणून लूर मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांनी फिरवत ठेवावा. जुन्या मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर याला उत्तम. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, धुरकट साय येते. ती कोमट पाण्याने धुऊन, घासूनच पुढचा थर द्यावा.

ओढताना लूर एका बाजूला पळाला, तर लूरचे नाक आपल्याकडे करून धरावे आणि तो ज्या बाजूला पळतो त्याच्या उलट बाजूला नाकाची कडी पकडीने केसभर वाकवावी आणि पुन्हा टाकून पाहावा.

तयार लूरचे गळांशिवायचे वजन त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. तामसो माशाच्या सुळ्यांनी कवचाला भोक पाडले, तर लगेच इपॉक्सी फासू नये. पाणी आत अडकून लाकूड कुजते. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा, वजन वहीतल्या आकड्यावर परत आले की मग भोक बुजवावे.