डुकरांचा न्यूमोनिया: लसीच्या आधीची गोष्ट

सकाळी शेडमध्ये शिरून डुकरे उठवली की काही पिल्ले कोरडे खोकत राहतात. ताप नसतो, खाणे चालू असते, मरही फारशी नसते. फक्त खाद्य संपते आणि वजन भरत नाही. कारण कत्तलखान्यात कळते. फुफ्फुसाच्या पुढच्या, खालच्या पाळ्या जांभळट आणि घट्ट झालेल्या असतात आणि निरोगी गुलाबी भागाशी त्यांची सीमा स्वच्छ दिसते. हा एन्झूटिक न्यूमोनिया. डुकरे दाटीने ठेवली जातात तिथे तो हमखास सापडतो.

१९५१ मध्ये केंब्रिजच्या गुलराजानी आणि बेव्हरिज यांनी हा आजार स्वाइन फ्लूपेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. तरी तो विषाणूमुळेच होतो, असा समज पुढेही टिकला. १९६५ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे खरा जंतू वेगळा केला: मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए. त्याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तो श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना चिकटून ते निकामी करतो आणि मग पाश्चुरेलासारख्या दुसऱ्या जंतूंना वाट मोकळी होते.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की जंतू सापडण्याआधीच प्रतिबंधाची दिशा सापडली होती. पिल्लाला लागण बहुतेक वेळा आईकडून, दूध पीत असतानाच होते. मग आईपासूनच ते वेगळे केले तर? १९५० च्या दशकात नेब्रास्का विद्यापीठात जॉर्ज यंग यांनी विण्याच्या दिवसांत मादीचे गर्भाशयच काढून पिल्ले निर्जंतुक जागेत वाढवली. यात मादीचा जीव जाई. उपाय क्रूर आणि महागडा होता, पण त्यातून ठरावीक रोगांपासून मुक्त असे कळप उभे राहिले. डेन्मार्कने पुढे याच पायावर देशव्यापी व्यवस्था बांधली. १९८० मध्ये केंब्रिजच्या टॉम अलेक्झांडर यांनी सौम्य वाट दाखवली: माद्यांना आणि पिल्लांना औषध द्यायचे, साधारण पाचव्या दिवशी पिल्लांचे दूध तोडायचे आणि त्यांना दूरच्या शेडमध्ये न्यायचे.

स्वित्झर्लंडने मात्र पिल्ले हलवण्याऐवजी सगळा कळपच हाती घेतला. पैदाशीच्या फार्मवरून दहा महिन्यांखालची सर्व जनावरे किमान दोन आठवडे हटवायची आणि उरलेल्या मोठ्या माद्यांना खाद्यातून अँटिबायोटिक द्यायचे. प्रौढ जनावरांत प्रतिकारशक्ती तयार झालेली असल्याने ती जंतू कमी पसरवतात, हा त्यामागचा तर्क. पैदास न करता फक्त वजन वाढवण्यासाठी डुकरे ठेवणारे फार्म पूर्ण रिकामे केले गेले. शेजारच्या फार्मवरून वाऱ्यानेही लागण येते, म्हणून एकेक शेतकरी न घेता संपूर्ण प्रदेश एकाच वेळी साफ करायचा ठरले. २००४ पर्यंत देशभराचे काम संपले. नॉर्वेनेही असाच दीर्घ कार्यक्रम राबवून २००९ मध्ये मुक्तता जाहीर केली.

१९९० च्या दशकात लसी आल्या आणि मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. त्यांनी खोकला आणि फुफ्फुसावरचे डाग कमी होतात, वजन सुधारते. पण जंतू श्वासनलिकेत बसायचा थांबत नाही. म्हणून एका शेडमध्ये एकाच वयाची तुकडी भरायची, ती पूर्ण निघाली की धुऊन सुकवायची आणि मगच पुढची आणायची, ही पद्धत लस घेतलेल्या फार्मवरही सोडून चालत नाही. मिनेसोटातल्या प्रयोगांत हा जंतू हवेतून सुमारे नऊ किलोमीटर दूर सापडला, त्यामुळे पैदाशीच्या काही मोठ्या शेडना आता हवा गाळणारी यंत्रणा बसवली जाते.