थरारपटाची सुरुवात (विद्यार्थी-प्रकल्प)

थरारपटाची सुरुवात : कधीच पूर्ण न होणाऱ्या चित्रपटाची पहिली दोन मिनिटे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून, चित्रित करून, संकलित करून श्रेयनामावलीसह सादर करायची आणि मग आपण काय केले व का केले याचे लेखी वा दृक्‌श्राव्य मूल्यमापन करायचे, असा शालेय प्रकल्प. तो प्रामुख्याने इंग्लंडमधील ‘मीडिया स्टडीज’ या विषयात रुजला. ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून शिकवल्या जाणाऱ्या एएस स्तराच्या (ए-लेव्हल या शालेय परीक्षेच्या पहिल्या टप्प्याच्या) अभ्यासक्रमात ‘फाउंडेशन पोर्टफोलिओ’ हा घटक ठेवला. त्यातील व्हिडिओच्या पर्यायात ‘नव्या काल्पनिक चित्रपटाची श्रेयनामावली व सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटे’ असे काम नेमून दिलेले होते. चित्रपटाचा प्रकार कोणता असावा, यावर बंधन नव्हते. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या गटांनी थरारपट आणि भयपट हेच प्रकार सर्वाधिक निवडले.

यामागे खर्चाचा हिशेब आहे. विनोदी चित्रपटाला टायमिंग जमणारे नट लागतात, ऐतिहासिक चित्रपटाला कपडेपट लागतो. थरारपटाला एक बोळ, एक टॉर्च आणि पावलांचा आवाज पुरतो. संवाद कमी असले तरी चालते, आणि वर्गमित्रांच्या अभिनयाची परीक्षा टळते. सोपा वाटणारा हा प्रकार मुळात अवघड आहे, हे मुलांना संकलनाच्या टेबलावर बसल्यावर कळते. प्रेक्षकाला काय सांगायचे, काय लपवायचे आणि किती वेळ लपवायचे, या तीन निर्णयांवर सगळी इमारत उभी असते.

या घटकाला १०० गुण होते : संशोधन व नियोजनाला २०, प्रत्यक्ष निर्मितीला ६०, मूल्यमापनाला २०. गटात जास्तीत जास्त चार विद्यार्थी असत. गुण शाळेतील शिक्षक देत आणि मंडळाचे नियामक नमुने मागवून ते तपासत. संगीत स्वतः रचलेले किंवा स्वामित्वहक्कातून मुक्त असावे, अशी अट होती. आवडते गाणे उचलून दृश्याखाली घालण्याची वाट तिने बंद केली आणि अनेक गटांना पहिल्यांदाच आवाजाचा स्वतंत्र विचार करायला लावले.

मुख्य कामाआधी एक लहानसा सराव सक्तीचा होता. एक पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसते आणि दोघांत एक-दोन वाक्यांची देवाणघेवाण होते, एवढेच. पण त्यातून तीन गोष्टी दाखवायच्या असत : क्रिया न तुटता एका शॉटमधून दुसऱ्यात जाणे, संवादात आळीपाळीने समोरासमोरचे शॉट लावणे आणि १८० अंशांचा नियम. हा नियम असा : दोन पात्रांना जोडणारी एक कल्पित रेषा मानायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेषा ओलांडली की उजवीकडे पाहणारे पात्र एकदम डावीकडे पाहू लागते आणि दोघे एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असे वाटते.

दाराची मूठ हा या सरावातील खरा शिक्षक आहे. बाहेरच्या शॉटमध्ये हात मुठीवर येतो, आतल्या शॉटमध्ये दार ढकलले जाते. नवखे विद्यार्थी बाहेरचा शॉट हात मुठीवर पडताच थांबवतात आणि आतला शॉट हात मुठीवर ठेवूनच सुरू करतात. संकलन करताना दोन्हींत समान असा क्षणच सापडत नाही, आणि जोड उचकी लागल्यासारखा दिसतो. उपाय साधा आहे. चालत येण्यापासून आत शिरेपर्यंतची पूर्ण क्रिया नटाने दोन्ही बाजूंनी दोनदा करायची आणि हालचाल ऐन भरात असताना कापायचे. ब्रिटनमधील २५ चौकटी (फ्रेम) प्रतिसेकंद या वेगाने दोन मिनिटांत ३,००० चौकटी येतात. त्यांतल्या दोन-चार चौकटी पुढे-मागे झाल्याने शॉट जुळतो किंवा बिघडतो, हे इथे हाताला कळते.

सुरुवात म्हणजे ट्रेलर नव्हे आणि लघुपटही नव्हे, हा फरक बहुतेक गटांना उशिरा उमजतो. ट्रेलर विकण्यासाठी असतो; तो सगळ्या चित्रपटातले चमकदार तुकडे दाखवतो. लघुपटाला शेवट असतो. सुरुवातीने मात्र प्रश्न उभा करून बाजूला व्हायचे असते. दुसऱ्या मिनिटाला खून होऊन खुनी पकडला गेला, तर उरलेल्या दीड तासाच्या चित्रपटाला काही कामच उरत नाही. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९७० मध्ये कथनातील ‘गूढ-संकेता’ची कल्पना मांडली : मजकूर कोडे घालतो, उत्तर लांबवतो, अर्धवट देतो. ब्रिटिश वर्गांत ती अगदी सर्रास वापरली जाते, आणि या प्रकल्पाइतकी तिला साजेशी जागा क्वचितच असेल.

वर्गात उदाहरणे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सुरुवातींपैकी दोन फार शिकवून जातात. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (१९५८) सुरुवात तीन मिनिटांहून लांब अशा एकाच अखंड शॉटची आहे. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या गावात कुणीतरी मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवते, एक जोडपे गाडीत बसते आणि गाडी माणसांच्या गर्दीतून हळूहळू सीमेकडे सरकते. निर्मिती कंपनीने त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले होते. वेल्सने कंपनीला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये चित्रपट पुन्हा संकलित केला, तेव्हा त्या शॉटवरची नावे काढली आणि संगीताऐवजी रस्त्यावरच्या बारमधून, गाड्यांच्या रेडिओंतून येणारे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ एक पाहिल्या की आवाज बदलल्याने तोच शॉट किती बदलतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नावे कुठे टाकावीत आणि कुठे टाकू नयेत, हेही इथेच शिकता येते.

दुसरे उदाहरण ‘सेव्हन’चे (१९९५). डेव्हिड फिंचरच्या या चित्रपटात काइल कूपरने केलेली श्रेयनामावली एका छोट्या प्रसंगानंतर येते. खरवडलेली, थरथरती अक्षरे. वह्या शिवणारे, छायाचित्रे कापणारे, बोटाच्या टोकाची कातडी ब्लेडने सोलणारे हात. चेहरा कुठेच नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खुन्याची भूमिका करणाऱ्या केव्हिन स्पेसीचे नावच सुरुवातीच्या नामावलीत नाही. नाव वाचले असते तर प्रेक्षक त्याची वाट पाहत बसला असता. नामावली हा कथेचाच भाग असतो आणि तिथेही लपवाछपवी चालते, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. दुर्दैवाने विद्यार्थ्यांनी त्यातले नेमके उचलण्याजोगे सोडले आणि हात, कात्री, फाटके फोटो तेवढे उचलले. या प्रकल्पांत अशा हातांचा आणि टोपी पुढे ओढून जंगलातून चालणाऱ्या बिनचेहऱ्याच्या माणसाचा सुळसुळाट आहे. खुर्चीला बांधलेली मुलगी आणि तिच्या डोक्यावर लटकणारा एकच दिवा, हा तिसरा ठरलेला प्रकार. नोंदलेखकाच्या मते यांतले काहीही वर्ज्य नाही. प्रश्न इतकाच की त्या माणसाला चेहरा का नाही, याचे उत्तर गटाकडे आहे का.

थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. दोन माणसे गप्पा मारत असताना अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि माणसांना तो ठाऊक नसला, तर त्याच निरर्थक गप्पा काही मिनिटे श्वास रोखून ऐकल्या जातात. विद्यार्थ्यांच्या हाती बॉम्ब द्यायची गरज नसते. समजा, एक मुलगी शाळेतून घरी येते. पहिल्या मसुद्यात गट हमखास मुखवटा घातलेला माणूस जिन्यावर उभा करतो. त्याऐवजी पायपुसणे दाखवावे. त्यावर मुलीच्या बुटांशेजारी मोठ्या मापाचे, ओले बूट आहेत. मुलगी फोनमध्ये पाहत बूट काढते, तिचे लक्ष जात नाही, ती आत जाते. कॅमेरा बुटांजवळच थांबतो. आतून किटली चालू केल्याचा आवाज येतो. आता ती स्वयंपाकघरात चहा करत असली तरी प्रेक्षक अस्वस्थ आहे. मुखवट्याचा खर्च वाचला, आणि माणूस कोण हा प्रश्न दोन मिनिटांनंतरही जिवंत राहिला.

प्रत्यक्ष चित्रीकरणातल्या अडचणी मात्र अगदी व्यवहारातल्या असतात. नियोजनाचा काळ सरून कॅमेरा हाती येतो तेव्हा बहुधा हिवाळा लागलेला असतो. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटल्यावर जेमतेम अर्धा तास उजेड मिळतो. एका प्रसंगाचा अर्धा भाग मंगळवारी ढगाळ दुपारी आणि अर्धा गुरुवारी दिवेलागणीला घेतला, की रंग जुळत नाहीत. म्हणून शॉट लिस्ट (घ्यायच्या शॉटची यादी) कथेच्या क्रमाने न लावता उजेडाच्या क्रमाने लावावी लागते. अंधारातच चित्रण करायचे तर कॅमेरा स्वतःहून उजेड वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. एक टेबललँप बाजूने लावून चेहऱ्याचा अर्धा भाग सावलीत सोडणे अधिक बरे. नकली पिस्तूल रस्त्यावर नेण्याआधी विचार करावा लागतो, कारण इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी वाजवी कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणेही गुन्हा ठरले. जागेची परवानगी आणि धोक्यांचा लेखी अंदाज हे कागद म्हणूनच नियोजनात मोडतात.

आवाजाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कॅमेऱ्याच्या माइकवर वारा आणि कॅमेरामनचा श्वास येतो. प्रत्येक जागेवर सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर संकलनात कापलेल्या जागा त्याने भरता येतात. सलग घुमणारा खर्जातला सूर दोन्ही मिनिटे चालू ठेवण्याची सवय सोडलेली बरी. तो थांबतो तेव्हाच ऐकू येतो.

नामावलीच्या क्रमालाही परंपरा आहे. वितरक आणि निर्मिती कंपनीची नावे आधी, मग मुख्य कलाकार, चित्रपटाचे नाव, पुढे तंत्रज्ञ, निर्माते, लेखक आणि शेवटी दिग्दर्शक. गट आपल्या कल्पित कंपनीचे बोधचिन्हही बनवतात. ते सजवण्यात आठवडा घालवून संकलनाला दोन दिवस उरणे, हा नेहमीचा अपघात.

मूल्यमापनासाठी सात प्रश्न ठरलेले होते. खऱ्या चित्रपटांचे संकेत तुम्ही कसे वापरले, पुढे नेले वा मोडले, समाजगटांचे चित्रण कसे केले, कोणती संस्था हा चित्रपट वितरित करील, प्रेक्षक कोण, त्यांना कसे ओढले, तंत्रज्ञानाबद्दल काय शिकलात, आणि सुरुवातीच्या सरावापासून इथवर काय बदलले. उत्तरे निबंधात न देता स्लाइड, ध्वनिमुद्रण किंवा चित्रपटावरच बोललेल्या टिप्पणीच्या रूपात द्यायला उत्तेजन होते.

गुण कमी मिळतात ते वर्णनामुळे. ‘आम्ही भीती निर्माण करण्यासाठी क्लोज-अप वापरला’ हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच चित्रपटाबद्दल काही सांगत नाही. ‘बुटांचा शॉट आधी दोन सेकंदांचा होता. वर्गात दाखवला तेव्हा निम्म्या मुलांच्या तो लक्षातच आला नाही, म्हणून तो पाच सेकंदांचा केला आणि किटलीचा आवाज त्याच्या शेवटी आणला’ हे वाक्य निर्णय, त्याचा परिणाम आणि दुरुस्ती असे तिन्ही सांगते. अयशस्वी शॉटबद्दल प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाला आवडतो, कारण त्याने स्वतःचे काम परक्याच्या नजरेने पाहिलेले असते.

समाजगटांच्या चित्रणाच्या प्रश्नात एक गोष्ट पुन्हा पुन्हा उघडी पडते : बळी मुलगी, पाठलाग करणारा मुलगा. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात मांडलेली ‘पुरुषी नजर’ (कॅमेरा स्त्रीकडे पुरुषाच्या डोळ्यांनी, पाहण्याची वस्तू म्हणून पाहतो, ही कल्पना) वर्गात शिकवली जाते आणि तरीही तोच कॅमेरा मुलीच्या मागे मागे चालतो. मूल्यमापन लिहिताना हे ज्यांच्या लक्षात येते, त्यांतले काही गट परत जाऊन कॅमेऱ्याची जागा बदलतात. प्रेक्षकाच्या प्रश्नातही असाच पेच असतो. रक्ताचा मारा करून चित्रपटाला ब्रिटिश सेन्सॉर संस्थेचे ‘१८’ प्रमाणपत्र मिळेल असे लिहिले, तर बनवणारी मुले स्वतःच तो चित्रपटगृहात पाहू शकत नाहीत. ‘१५’ ठेवायचे तर वेदना आणि जखमांवर रेंगाळता येत नाही, आणि थरारपटाला तेच मानवते. वितरणाबाबत हॉलिवूडच्या बड्या कंपनीचे नाव सहज लिहिले जाते. फिल्मफोर किंवा बीबीसी फिल्म यांच्यासारख्या संस्था निर्मितीत पैसा घालतात आणि वितरण दुसरी कंपनी करते, हा फरक कळलेले उत्तर वेगळे उठून दिसते.

२०१७ पासून इंग्लंडमधील अभ्यासक्रम बदलला. गटाने काम करण्याऐवजी प्रत्येकाने स्वतंत्र निर्मिती करायची झाली, विषय मंडळ ठरवू लागले आणि सात प्रश्नांच्या जागी काम सुरू होण्याआधी लिहायचे हेतुनिवेदन आले. आपण काय करणार आहोत हे आधी लिहिणे आणि काय केले हे नंतर तपासणे यांत दुसरे अधिक कठीण होते, आणि तेच गेले याची हळहळ वाटते. केंब्रिज इंटरनॅशनलच्या मीडिया स्टडीज अभ्यासक्रमात मात्र दोन मिनिटांच्या चित्रपट-सुरुवातीचा पर्याय आणि निर्मितीनंतरचे चिकित्सक आत्मपरीक्षण दोन्ही टिकून राहिले. मुंबई-पुण्यातल्या केंब्रिज मंडळाच्या शाळांना हा विषय घेता येतो. तिथला गट ओले बूट कुठल्या दारापुढे ठेवील, चाळीच्या की सोसायटीच्या लिफ्टपाशी, आणि आत किटलीऐवजी कुकरची शिट्टी वाजेल का, हे त्या गटाने ठरवायचे आहे.