तिथीची पाऊणपट आणि जिताड्याची वेळ

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला निघताना मामा हवामान विचारत नाही, तिथी विचारतो. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं हे त्याला ठाऊक आहे, पण बोटांवर होणाऱ्या हिशेबासाठी रेंज कशाला शोधायची?

हिशेब खरोखर चांगला आहे. 30 तिथींत चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पूर्ण 24 तासांची फेरी करतो, म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. ही तीन मिनिटांची तूट साठत जाते आणि पौर्णिमेला पाऊण तासाची होते. मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या सुमारास येते ती म्हणूनच. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या तासाभर आधी लागते. पण एवढा फरक गरवणाऱ्याला चालतो. त्याला भरतीच्या टोकाशी काम नसतंच, त्याला हवी असते ओहोटीची मधली वेळ.

ओहोटीचे सहा तास धरले तर पाणी सगळे तास सारखं उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीनंतर, मुंबईकडे पाणी चारेक मीटर उतरतं, त्यातलं एक मीटर एकट्या तिसऱ्या तासात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, हाच खेळ निम्म्याहून कमी जोराने चालतो. या मधल्या दोन तासांत खाडीतल्या कांदळवनात शिरलेलं पाणी मुखाकडे धावत सुटतं आणि कोळंबी, बोयांची पिल्लं त्याच्यासोबत ओढली जातात. जिताडा हा खाडीतला शिकारी मासा त्यांच्यामागे पळत नाही. खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला, जिथे प्रवाह मोडतो तिथे, तो जवळजवळ न हलता उभा राहतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते.

म्हणून आमिष जिवंत हवं. कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखालून गरी (गळाचा आकडा) ओवायची, आतला काळा ठिपका टाळून; तो दुखावला की ती जागीच मरते. जिताडा चावत नाही, झटक्यात तोंड उघडून पाण्यासकट आमिष ओढून घेतो. पृष्ठभागाजवळ असला तर अंधारात ‘थप्प’ असा आवाज येतो आणि पाठोपाठ तंगूस (गळाची दोरी) ताणला जातो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तंगूस तिच्यावर घासला की संपलं. मामाच्या मते तुटलेला मासा नेहमीच पाच किलोंचा असतो.

आता वसंत ऋतूचं. फ्लोरिडात मार्च-एप्रिलला गरवणारे पाणी किती तापलं ते बघतात, कारण तिथे हिवाळ्यात गार झालेला किनारा ऊब धरू लागला की टार्पनसारखे मासे परततात. आपल्याकडे पाणी मुळात गारठतच नाही. ते होळीपासून वैशाखापर्यंत 27-28 अंशांवरून 30 च्या आसपास जातं, आणि इथे ऊब अडचणच करते. 25 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना सव्वासहा. उलट माशाची गरज तापमानाबरोबर वाढते. भर दुपारी उथळ पाण्यात म्हणूनच शुकशुकाट असतो.

दुपारचं दुसरं दुखणं वाऱ्याचं. जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि या महिन्यांत तो चांगलाच दांडगा असतो. पौर्णिमेला दुपारी बाराला भरती, म्हणजे ओहोटीचा कस दोन ते चार, नेमका वाऱ्याच्या ऐन जोरात. पाणी बाहेर निघालेलं, वारा आत येणारा. दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, गाळ ढवळतो, गळाचं शिसं तळाशी ठरत नाही. हीच ओहोटी बारा तासांनी, पहाटे दोन ते चारला बघावी. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, पाण्याच्याच दिशेने वाहतो आणि खाडीचं तोंड तेलासारखं गुळगुळीत असतं.

पण रात्रीची भरती दिवसाइतकी मोठी असते का? जूनमध्ये नसते, एकाच दिवसातल्या दोन भरत्यांच्या उंचीत तेव्हा बरीच तफावत पडते. 21 मार्चच्या आसपास मात्र सूर्य विषुववृत्तावर असतो आणि अमावास्या-पौर्णिमेला चंद्रही विषुववृत्ताच्या जवळपास, त्यामुळे दोन्ही भरत्या जवळजवळ बरोबरीच्या येतात. होळी ते चैत्री पौर्णिमा या दिवसांत मामा रात्रीचा घरी का नसतो, याचं उत्तर मला तरी इथे मिळालं. मामीला ते पटलेलं नाही.

एप्रिल-मेमध्ये तो खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, मात्र समुद्राकडे पाठ फिरवून बसत नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लांबट लाटा आठवडाभर प्रवास करून आपल्याकडे पोचतात. केरळात त्यांना ‘कल्लक्कडल’, चोरटा समुद्र म्हणतात. इथे वारा नसतो, ढग नसतो, नुसतं पाणी चढतं. दोन लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंद जातात, म्हणून त्या लाटा वाटतच नाहीत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचा इशारा आधी देते, आणि तेवढ्यासाठी मामा मोबाइल उघडतो. तरी खडपावर पोचल्यावर विडी पेटवून ती संपेपर्यंत तो नुसता पाण्याकडे बघत उभा राहतो. खडक जिथवर ओला दिसतो, त्याच्या दोन पावलं वर पिशवी ठेवतो आणि मग तंगूस सोडतो.