चित्रपटाचे प्रेक्षकसापेक्ष ग्रहण

एकाच चित्रपटातून निरनिराळे प्रेक्षकवर्ग निरनिराळे अर्थ घेतात, त्या व्यवहाराचा विचार या संकल्पनेखाली केला जातो. मराठीत ‘अर्थग्रहण’, ‘वाचन’, ‘आस्वाद’ असेही पर्याय वापरले जातात. ‘आस्वाद’ हा त्यांतला सर्वांत सुटसुटीत शब्द. पण त्यात पसंतीचा भाव मिसळलेला असतो. नावड, गैरसमज किंवा मुद्दाम घेतलेला उलटा अर्थ त्यात मावत नाही. म्हणून या नोंदीत ‘ग्रहण’ हा शब्द स्वीकारला आहे.

भारतीय रसचर्चेतील ‘सहृदय’ (रस घेण्यास समर्थ असा रसिक) या कल्पनेत हा विचार पूर्वीच आला होता असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो आवरलेला बरा. अभिनवगुप्ताने (सु. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते अकराव्याचा प्रारंभ) ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकाग्रंथात सात रसविघ्ने, म्हणजे रसानुभवातले अडथळे, सांगितली आहेत. प्रेक्षकाने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे हे त्यांपैकी एक. साधारणीकरण, म्हणजे व्यक्तिगत संदर्भ गळून भाव सर्वांचा होणे, घडायचे तर हे अडकणे सुटावे लागते. ग्रहणाचा आधुनिक अभ्यास नेमका या अडकण्यापासून सुरू होतो. रसशास्त्राला जे विघ्न, तेच येथे अभ्यासाचे साधन ठरते.

आधुनिक मांडणीचे दोन उगम साधारणपणे मानले जातात. जर्मन साहित्यमीमांसक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथे वाङ्मयेतिहासाच्या संदर्भात ‘अपेक्षाक्षितिज’ (वाचक आधीच्या वाचनातून ज्या अपेक्षा घेऊन येतो त्यांची चौकट) ही कल्पना मांडली. ब्रिटनमधील संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये लेस्टर विद्यापीठातील परिसंवादात संकेतन-विसंकेतनाचा (निर्मात्याने अर्थ भरणे व प्रेक्षकाने तो उलगडणे यांचा) आराखडा सादर केला आणि प्रेक्षकाच्या तीन भूमिका कल्पिल्या : मांडलेला अर्थ जसाच्या तसा घेणारी, तडजोडीची व विरोधाची. हॉल यांचे विवेचन दूरचित्रवाणीला धरून होते, हे ध्यानात ठेवावे. अंधाऱ्या सभागृहात तिकीट काढून अनोळखी माणसांबरोबर पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

या विषयावरील लेखनात वारंवार येणारे उदाहरण आफ्रिकेतील कोंबडीचे आहे. एका आरोग्य निरीक्षकाने गावातले साचलेले पाणी कसे काढावे, रिकामे डबे कसे उचलावेत हे दाखवणारा सुमारे पाच मिनिटांचा, मुद्दाम संथ ठेवलेला चित्रपट तयार केला. तो पाहिलेल्या तीसेक गावकऱ्यांना काय दिसले असे विचारल्यावर उत्तर आले, ‘कोंबडी’. चित्रपटात कोंबडी आहे हे दाखवणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. एकेक चौकट तपासली तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून सेकंदभर पळालेली कोंबडी सापडली. ही हकीकत जॉन विल्सन यांच्या १९६१ मधील लेखातून आली आणि माध्यम-अभ्यासक मार्शल मॅक्‌लूअन यांनी १९६२ मध्ये ती उद्धृत केल्यावर सर्वतोमुखी झाली. निरक्षर माणसाला चौकटीचे एकसंध आकलन होत नाही, असा निष्कर्ष मॅक्‌लूअन यांनी त्यावरून काढला. मूळ प्रसंग विल्सन यांच्या लेखाच्या बऱ्याच आधीचा, वसाहतकाळातला असावा. तशाच दुसऱ्या एका कथेत पडद्यावरचा भलामोठा डास पाहून प्रेक्षक म्हणतात की एवढे डास आमच्याकडे नसतात. जेम्स बर्न्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी अशा कथांकडे प्रेक्षकांपेक्षा अधिकाऱ्यांच्या समजुतींचा पुरावा म्हणून पाहिले असून, तेच मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय कोंबडी चित्रपटात खरोखर होती, हे निष्कर्षाच्या भरात विसरले जाते. ती न दिसलेले प्रेक्षक कोणते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

प्रेक्षकांनी काय पाहिले याची नोंद बहुधा प्रेक्षकांवर लक्ष ठेवणाऱ्यांनी केलेली असते, ही अडचण भारताच्या बाबतीतही आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर प्रांतोप्रांती परीक्षण (सेन्सॉर) मंडळे आली. कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’मध्ये (१९२१) द्वारकादास संपत यांनी साकारलेला विदुर महाभारतातला असला, तरी टोपी व खादीमुळे तो गांधीजींसारखा दिसे; मद्रास व कराचीत त्यावर बंदी आली. प्रभातच्या ‘स्वराज्य तोरण’ला (सु. १९३०) ‘उदयकाल’ हे नाव घ्यावे लागले. एकनाथांवरील ‘महात्मा’ १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ म्हणून पडद्यावर आला. या बंद्या व नामांतरे सरकारला कोणत्या अर्थाची धास्ती होती हे सांगतात. पिटातल्या प्रेक्षकाने तोच अर्थ घेतला असे त्यांवरून सिद्ध होत नाही, जरी तो घेतला असण्याचा संभव पुष्कळ आहे. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने (१९२७-२८) ३५३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या. त्यांतही प्रेक्षकांविषयी बोलणारे अधिक आणि प्रेक्षक म्हणून बोलणारे थोडे.

‘किस्मत’मधील (१९४३) कवी प्रदीप यांचे ‘दूर हटो’ हे गाणे या संदर्भात विशेष महत्त्वाचे. त्यात जर्मन आणि जपानी यांची नावे घेतलेली असल्याने ते महायुद्धातील शत्रूंविरुद्धचे गाणे म्हणून परीक्षणातून सुटू शकले. ‘छोडो भारत’ची हाक ऑगस्ट १९४२ मध्येच दिली गेली होती, प्रेक्षकांनी ‘दूर हटो’ कोणाला उद्देशून आहे ते आपापले ठरवले. येथे दोन्ही अर्थ एकाच ओळीत शेजारी बसले आहेत आणि त्यातला एक दुसऱ्याला आडोसा देतो. हॉल यांच्या तीन भूमिकांपैकी हा कोणता प्रकार, हे ठरवणे कठीण आहे : गीतकार आणि प्रेक्षक एका बाजूला, परीक्षक दुसऱ्या, अशी ही विभागणी दिसते.

प्रत्यक्ष प्रेक्षकांत राहून केलेल्या अभ्यासांपैकी ब्रायन लार्किन यांचा उत्तर नायजेरियातील कानो शहराविषयीचा अभ्यास (१९९७) उल्लेखनीय आहे. लेबनीज वितरकांनी १९५० च्या दशकापासून तेथे हिंदी चित्रपट आणले. हाउसा भाषक मुस्लिम प्रेक्षकांना हिंदी येत नव्हती, तरी डोक्यावरचा पदर, वडीलधाऱ्यांसमोरचा संकोच आणि ठरवलेले लग्न की प्रेमाचे, हा पेच त्यांना आपलाच वाटला. पडद्यावरचे देव, मूर्ती व पूजा मात्र त्यांच्या दृष्टीने अडसर ठरली नाही. हॉलीवूडपेक्षा वेगळी, पण आधुनिक असू शकणारी वाट म्हणून त्यांनी हे चित्रपट पाहिले, असे लार्किन मांडतात. पुढे हाउसा प्रेमकादंबऱ्या आणि व्हिडिओपट यांवर त्याची छाया पडली व त्यावरून तेथे टीकाही झाली.

‘जय संतोषी माँ’ (१९७५) पाहताना अनेक ठिकाणी प्रेक्षक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर फुले व नाणी उधळत. समीक्षकांनी आरंभी दुर्लक्षिलेल्या या चित्रपटावर वीणा दास यांनी १९८० च्या सुमारास लिहिले. चपला काढणाऱ्यासाठी तो चित्रपट होता की दर्शन, हा भेद अभ्यासकाचा आहे. फाळके यांच्या पौराणिक मूकपटांच्या वेळीही प्रेक्षक पडद्यापुढे हात जोडत, लोटांगण घालत, अशा आठवणी आढळतात.

मराठीत ‘सैराट’च्या (२०१६) वेळी एकाच खेळात हे पालट दिसले. ‘झिंगाट’वर खुर्च्यांमधल्या जागेत नाचणारे सभागृह अखेरच्या निःशब्द दृश्यानंतर गप्प बाहेर पडे. त्यानंतरच्या चर्चेत कोणी तो प्रेमपट मानला, कोणी जातीच्या हिंसेचा दस्तऐवज, तर कोणी आपल्या समाजाची बदनामी.