थोरांच्या छोट्या चरित्रांतून इटालियन शिकताना

कोणाचंही छोटं चरित्र उघडलं की घटनांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. जन्म, शिक्षण, काम, एखादा शोध किंवा कलाकृती, शेवटी मृत्यू. नवी भाषा शिकणाऱ्याला या ठरीव साच्याचा फार उपयोग होतो, आणि इटालियनच्या बाबतीत तर जास्तच. तिथला भूतकाळ भल्याभल्यांना छळतो, आणि चरित्रात ओळीओळीला भूतकाळच असतो.

त्यातला 'पास्सातो रेमोतो' हा काळ इतिहासात, कथा-कादंबऱ्यांत आणि चरित्रांत हमखास भेटतो. उत्तर इटलीत रोजच्या बोलण्यात तो क्वचितच ऐकू येतो, दक्षिणेकडे मात्र तो बोलण्यातही टिकून आहे. व्याकरणाचं पुस्तक 'जन्मणे' या क्रियापदाची सहा रूपं पुढे ठेवतं: नाक्वी, नाशेस्ती, नाक्वे, नाशेम्मो, नाशेस्ते, नाक्वेरो. अशी अनियमित क्रियापदं डझनांनी आहेत. कोष्टकं पाठ करायला बसलं की जीव मेटाकुटीला येतो. चरित्र वाचताना मात्र सहापैकी दोनच रूपं लागतात, एकवचनी तृतीय पुरुषाचं आणि अनेकवचनी तृतीय पुरुषाचं. नाक्वे म्हणजे जन्मला किंवा जन्मली, विस्से म्हणजे जगला, स्क्रिस्से म्हणजे लिहिलं, दिपिन्से म्हणजे रंगवलं, मोरी म्हणजे वारला. दान्ते 1321 मध्ये वारला आणि गॅलिलिओ 1642 मध्ये. मध्ये तीन शतकं गेली, पण दोघांच्या चरित्रांतली बरीचशी क्रियापदं तीच. लिओनार्दोचं चरित्र हाती घेईपर्यंत ती ओळखीची झालेली असतात.

बोलण्यात जास्त चालणारा 'पास्सातो प्रोस्सिमो' मराठी माणसाला त्या मानाने सोपा जातो. तो जन्मला असेल तर 'ए नातो', ती जन्मली असेल तर 'ए नाता'. लिहिण्याचं मात्र तसं नाही. लिहिणारा पुरुष असो की स्त्री, रूप 'आ स्क्रित्तो' हेच. आपणही 'तो गेला, ती गेली' म्हणतो, पण 'त्याने पत्र लिहिलं, तिने पत्र लिहिलं' इथे क्रियापद कर्त्याकडे बघत नाही. दोन्ही भाषांचे नियम तंतोतंत जुळतात असं नाही, तरी ही विभागणी आपल्या कानाला परकी वाटत नाही.

आता स्मरणशक्तीचा मुद्दा. 1969 मध्ये गॉर्डन बॉवर आणि मायकल क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एकमेकांशी संबंध नसलेल्या दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या. काहींना प्रत्येक यादीतले शब्द गुंफून गोष्ट रचायला सांगितली, बाकीच्यांना नुसतं पाठ करायला सांगितलं. प्रत्येक यादी संपताच विचारलं तेव्हा दोन्ही गट बरोबरीत होते. सगळ्या याद्या संपल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हा गोष्टवाल्यांना सुमारे 93 टक्के शब्द आठवले आणि पाठ करणाऱ्यांना सुमारे 13 टक्के. गोष्टीत एका शब्दाच्या मागोमाग दुसरा ओढला जातो. चरित्रात ही गोष्ट आयतीच मिळते, शिवाय ती खरी असते.

वाचताना किती शब्द अडले तर चालतात, यावरही संशोधन झालं आहे. हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासात मजकुरातले 100 पैकी 80 शब्द माहीत असूनही कोणाला पुरेसा अर्थ लागला नाही. मदतीशिवाय नीट समजायला सुमारे 98 शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. नवशिक्याला हा आकडा धडकी भरवणारा आहे. पण चरित्रातल्या कितीतरी गोष्टी न शिकताच कळतात: माणसांची आणि गावांची नावं, सनावळ्या, 'तेलेस्कोपियो', 'उनिव्हेर्सिता' यांसारखे शब्द.

ओळखीच्या माणसाचं चरित्र वाचण्यात एक धोकाही आहे. गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले हे आधीच ठाऊक असल्याने डोळे वाक्यावरून सहज घसरतात. 'मेन्त्रे इन्सेन्यावा आ पादोवा, गालिलेओ स्कोप्री क्वात्त्रो सातेल्लिती दी जोवे.' म्हणजे पादोव्याला शिकवत असताना गॅलिलिओने गुरूचे चार उपग्रह शोधले. 'इन्सेन्यावा' हा चालू राहिलेला भूतकाळ आणि 'स्कोप्री' ही घडून संपलेली घटना. इटालियन शिकण्यातला अवघड धडा या एका वाक्यात आहे, आणि अर्थ आधीच माहीत असलेला वाचक तो न बघताच पुढे जातो.

म्हणून माझं मत असं की दोन-तीन प्रसिद्ध चरित्रांनंतर त्याच क्षेत्रातल्या कमी परिचित व्यक्तीकडे वळावं. गॅलिलिओनंतर लाउरा बास्सी घ्या. ती 1711 मध्ये बोलोन्यात जन्मली, 1732 मध्ये तिथल्याच विद्यापीठाची पदवी तिने मिळवली आणि पुढे भौतिकशास्त्र शिकवलं. शब्दसंग्रह बराचसा तोच, पण पुढे काय घडणार हे माहीत नाही, त्यामुळे क्रियापदाकडे नीट बघावंच लागतं.

वाचून झालं की पान झाकून आठवेल तेवढं लिहावं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी छोट्या उताऱ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. हा प्रयोग झाला सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. रिता लेव्ही-मोन्ताल्चिनीने चेतापेशींच्या वाढीवरचं तिचं गाजलेलं संशोधन याच विद्यापीठात केलं होतं.

तिचंच चरित्र पुढच्या सरावाला घेता येईल. तोरीनोत 1909 साली जन्म, 1936 मध्ये वैद्यकाची पदवी, 1938 च्या वंशविषयक कायद्यांमुळे विद्यापीठाची दारं बंद, मग घरातल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा, आणि 1986 मध्ये नोबेल. चरित्रात 'मी' आणि 'तू' सहसा येत नाहीत, ही या पद्धतीची खरी उणीव. ती भरून काढायला हाच मजकूर रिताच्या तोंडून सांगावा: 'सोनो नाता आ तोरीनो', मी तोरीनोत जन्मले. दुसऱ्याने मुलाखतकार व्हावं. इटालियनमध्ये अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाशी आदराने बोलताना क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनीच वापरतात. त्यामुळे चरित्रातून सवयीचं झालेलं 'ए नाता' हे रूप 'तुम्ही कुठे जन्मलात?' असं रिताला विचारतानाही तसंच चालतं.